एनॅमलच्या भांड्यांवरील करपलेला थर

एनॅमलच्या भांड्यांवरील करपलेला थर म्हणजे काचेचा मुलामा दिलेल्या लोखंडी किंवा पोलादी भांड्यात अन्न जळून पृष्ठभागाला घट्ट चिकटलेला, तपकिरी ते काळ्या रंगाचा अवशेष होय. हा थर मुख्यतः कार्बनयुक्त सेंद्रिय पदार्थांचा असतो, तर त्याखालील मुलामा ही काच असते. त्यामुळे मुलाम्याला इजा न करता थर काढता येतो. त्यासाठी पाणी, सौम्य अल्क, मंद उष्णता आणि वेळ यांचा उपयोग होतो. जोराने घासणे, टोकदार हत्याराने खरवडणे किंवा आम्लात दीर्घकाळ भिजवणे यांमुळे थराबरोबर मुलामाही खराब होतो. तांब्या-पितळेच्या भांड्याची उतरलेली कल्हई पुन्हा लावता येते. एनॅमलचा टवका उडाल्यास तो घरी किंवा कल्हईवाल्याकडे भरून काढता येत नाही. म्हणून या भांड्यांच्या स्वच्छतेची रीत इतर भांड्यांपेक्षा वेगळी आहे.

नाव व परिभाषा

मराठीत एनॅमल आणि इनॅमल अशी दोन्ही रूपे प्रचलित आहेत. हिंदी-उर्दूत या भांड्यांना तामचीनी म्हणतात. सोन्याचांदीवर अशाच काचेच्या मुलाम्याने केलेल्या नक्षीकामाला मीनाकारी हे नाव आहे.

अन्न भांड्याला चिकटण्याच्या वेगवेगळ्या अवस्थांसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. दूध किंवा भात तळाशी धरला की तो ‘लागला’ असे म्हणतात. त्याचा रंग व वास बदलला की तो ‘करपला’. तळाला चिकटलेला आणि खरवडून काढलेला भाग म्हणजे ‘खरवड’. दुधाची खरवड आवडीने खाल्ली जाते, त्यामुळे ती काढणे हे पूर्वी स्वयंपाकाचेच एक काम होते. करपलेला थर ही त्यापुढची अवस्था असून तो खाण्याजोगा नसतो. भांड्याच्या बाहेरून बसणारी ‘काजळी’ मात्र अन्नापासून नव्हे, तर इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनातून तयार होते. काजळीचे कण सैल असतात आणि साबणाच्या पाण्याने तुलनेने सहज निघतात.

मुलाम्याची रचना

वाळू (सिलिका), टाकणखार, फेल्डस्पार, सोडा इत्यादी द्रव्ये वितळवून तयार केलेली काच पाण्यात ओतून तिचे तुकडे करतात. या तुकड्यांना फ्रिट म्हणतात. फ्रिट दळून त्याचा पातळ लेप पोलादी पत्र्यावर किंवा ओतीव लोखंडावर देतात आणि सुमारे ७५० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजतात. काच वितळून धातूशी एकजीव होते. पहिल्या लेपात कोबाल्ट किंवा निकेलची ऑक्साइडे मिसळलेली असतात. त्यांच्यामुळे काच लोखंडाला घट्ट धरते आणि लेपाला गडद निळा किंवा काळा रंग येतो. त्यावर पांढरा अथवा रंगीत लेप दिला जातो. पांढऱ्या रंगासाठी पूर्वी कथिलाचे किंवा अँटिमनीचे ऑक्साइड वापरीत. आता प्रामुख्याने टायटॅनियम डाय-ऑक्साइड वापरतात.

तयार मुलामा मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच जाड असतो. मोस मापक्रमावर त्याची कठिनता साधारण ५ ते ६ असते. म्हणजे तो पुरेसा कठीण आहे, परंतु ७ कठिनतेच्या वाळूने त्यावर ओरखडे पडतात. काचेप्रमाणेच तो ठिसूळही आहे. मुलाम्याचे औष्णिक प्रसरण लोखंडापेक्षा किंचित कमी राहील अशी त्याची रचना केलेली असते. त्यामुळे थंड झालेल्या भांड्यावर काच दाबाखाली राहते आणि सहसा तडकत नाही. मात्र आघाताने किंवा तापमानातील एकाएकी बदलाने हा समतोल मोडतो, तेव्हा बारीक भेगा पडतात किंवा टवका उडतो.

एनॅमलची भांडी दोन प्रकारची असतात. ताटे, मग, किटल्या, टोप ही हलकी भांडी पातळ पोलादी पत्र्याची असतात. झाकणासह येणारी जड, जाड बुडाची भांडी ओतीव लोखंडाची असतात. फ्रान्समधील ल क्रूझे या कारखान्यात १९२५ पासून अशी भांडी तयार होत आहेत. पत्र्याच्या भांड्यात उष्णता आचेच्या जागीच साचते, म्हणून त्यात अन्न लवकर लागते. ओतीव लोखंड सावकाश तापते, पण तापल्यावर उष्णता धरून ठेवते. त्यामुळे आच बंद केल्यावरही त्यात अन्न करपत राहू शकते.

इतिहास व महाराष्ट्रातील वापर

लोखंडी भांड्यांना आतून काचेचा मुलामा देण्याची पद्धत अठराव्या शतकात जर्मनीत विकसित झाली. एकोणिसाव्या शतकात पत्र्याच्या भांड्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले आणि ही भांडी युरोपातून भारतात येऊ लागली. महाराष्ट्रात स्वदेशी चळवळीच्या काळात काचेच्या उद्योगाची पायाभरणी झाली. तळेगाव दाभाडे येथील पैसाफंड काच कारखाना आणि कऱ्हाडजवळील ओगलेवाडी येथील ओगले काच कारखाना ही त्याची ठळक उदाहरणे होत. वाळू, सोडा आणि टाकणखार यांच्या ज्या रसायनावर काचेचा उद्योग उभा राहतो, त्याच रसायनावर एनॅमलचा मुलामा आधारलेला आहे.

मराठी घरांत तांब्या-पितळेच्या भांड्यांना दर काही महिन्यांनी कल्हई करून घ्यावी लागत असे. कल्हई उतरलेल्या भांड्यात ताक, आमटी किंवा चिंच-कोकम घातलेला पदार्थ ठेवल्यास तो ‘कळकतो’, म्हणजे धातूच्या क्षारांमुळे त्याची चव बिघडते व तो खाण्यास अयोग्य होतो. एनॅमलच्या अखंड मुलाम्यात असे होत नाही. त्यामुळे चहाच्या किटल्या, मग, ताटे व पातेली यांसाठी, तसेच रुग्णालयांतील तसराळी व तबके यांसाठी एनॅमलचा वापर झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील व हिंदालियमच्या भांड्यांनी त्याची जागा घेतली. अलीकडे ओतीव लोखंडाच्या रंगीत भांड्यांच्या रूपाने एनॅमल शहरी स्वयंपाकघरांत पुन्हा दिसू लागले आहे.

इंधनातील बदल आणि चेंबूर परिसर

भांडी घासण्याच्या कामाचे स्वरूप इंधनावर अवलंबून असते. चूल, कोळशाची शेगडी किंवा भुशाची शेगडी वापरात असताना भांड्याच्या बाहेरची काजळी हा मोठा प्रश्न होता. त्यावर उपाय म्हणून चुलीवर चढवण्यापूर्वी भांड्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा लेप देत. लेपाबरोबर काजळीही धुऊन जाई.

मुंबईत या स्थितीत झालेल्या बदलाशी चेंबूर परिसराचा थेट संबंध आहे. चेंबूरलगतच्या माहुल-तुर्भे भागात १९५४ मध्ये स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. राष्ट्रीयीकरणानंतर हे कारखाने अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखले जाऊ लागले. तेलशुद्धीकरणात मिळणारा द्रवरूप पेट्रोलियम वायू १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईत घरगुती इंधन म्हणून विकला जाऊ लागला. बर्मा-शेलच्या या वायूचे व्यापारी नाव ‘बर्शेन’ असे होते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीमार्फत पुढे मुंबईत नळाने वायुपुरवठा होऊ लागला.

वायूच्या निळ्या ज्योतीने काजळी जवळजवळ नाहीशी झाली. मात्र ज्योत बुडाच्या ठरावीक वर्तुळावर केंद्रित होत असल्याने पातळ पत्र्याच्या एनॅमलच्या भांड्यात त्या वर्तुळाच्या आकाराचा करपलेला डाग पडू लागला. निखाऱ्यांची उष्णता बुडावर अधिक पसरलेली असते आणि निखारे मागे ओढून ती हळूहळू कमी करता येते. वायूची आच क्षणात वाढवता येते, म्हणून दुर्लक्ष झाल्यास अन्न करपण्यासही थोडा वेळ पुरतो. अशा रीतीने भांडी घासण्याच्या कामाचा मुख्य भाग बाहेरच्या काजळीकडून आतल्या करपलेल्या थराकडे वळला.

थर घट्ट का बसतो

करपलेला थर एकाच प्रक्रियेने तयार होत नाही. अन्नातील घटकांनुसार पुढील बदल घडतात :

मैलार्ड अभिक्रिया : प्रथिने व शर्करा यांच्यात उष्णतेने होणाऱ्या अभिक्रियांमुळे तपकिरी रंगाची मोठ्या रेणूंची संयुगे बनतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मैलार्ड यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियांचे वर्णन केले.

प्रथिनांचे साकळणे : दूध सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यातील निवळीची प्रथिने उलगडून गरम पृष्ठभागावर बसतात. त्यांच्याबरोबर कॅल्शियम फॉस्फेटही साचते.

तेलाचे बहुवारिकीकरण : तापलेले तेल हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात येऊन चिकट व नंतर रोगणासारखे कडक होते. भांड्याच्या कडा, कान आणि बाहेरच्या बाजूवरील पिवळसर-तपकिरी ओघळ या प्रकारचे असतात.

कार्बनीभवन : तापमान आणखी वाढल्यास पाणी व बाष्पनशील घटक निघून जातात आणि मुख्यतः कार्बन उरतो. हा काळा थर पाण्यात विरघळत नाही.

थराचा वरचा भाग कार्बन झालेला असला, तरी काचेला चिकटलेल्या भागात अर्धवट जळालेली प्रथिने, पिष्ट व स्निग्ध पदार्थ शिल्लक असतात. पाणी व अल्क तेथपर्यंत पोहोचले की हे पदार्थ फुगतात, सैल होतात किंवा साबणासारख्या विद्राव्य रूपात जातात आणि वरचा कार्बन आपोआप सुटतो. भिजवण्याच्या प्रत्येक पद्धतीचा आधार हाच आहे. म्हणून काळा थर न घासता पापुद्र्यांच्या रूपात सुटताना दिसतो.

स्वच्छतेच्या पद्धती

सौम्य पद्धतीपासून सुरुवात करून आवश्यकता असेल तरच पुढच्या पद्धतीकडे जाणे, हा सर्वसाधारण क्रम मानला जातो. कोणत्याही पद्धतीपूर्वी भांडे आपोआप खोलीच्या तापमानापर्यंत थंड होऊ द्यावे लागते.

१. पाण्यात भिजवणे

कोमट पाणी व भांडी धुण्याच्या साबणाचे थोडे द्रावण भांड्यात भरून ते काही तास किंवा रात्रभर ठेवतात. भात, खिचडी, खीर अशा पिष्टमय पदार्थांसाठी ही पद्धत बहुधा पुरेशी असते. साखरेचा पाक नुकता तपकिरी झाला असेल तर तो केवळ गरम पाण्यात विरघळतो.

२. खाण्याचा सोडा घालून उकळणे

एक लिटर थंड पाण्यात साधारण दोन मोठे चमचे (सुमारे ३० ग्रॅम) खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, मिसळतात. पाण्याची पातळी थराच्या वर असावी लागते. मंद आचेवर पाणी तापवून १० ते १५ मिनिटे हलकी उकळी येऊ देतात व आच बंद करून भांडे त्याच पाण्यासह थंड होऊ देतात. नंतर लाकडी किंवा सिलिकोनच्या उलथण्याने थर अलगद ढकलल्यास तो सुटतो. आवश्यक वाटल्यास ताजे पाणी व सोडा घेऊन हीच कृती पुन्हा करतात.

खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचे पीएच मूल्य ८.३ च्या आसपास, म्हणजे अगदी सौम्य अल्कधर्मी असते. उकळल्यावर त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो आणि काही प्रमाणात सोडियम कार्बोनेट तयार होते, त्यामुळे द्रावणाची तीव्रता वाढते. थंड पाण्यात भिजवण्यापेक्षा उकळणे अधिक परिणामकारक ठरते, त्याचे एक कारण हे आहे. उकळत्या पाण्यात एकदम सोडा टाकल्यास फेस उसळून बाहेर येतो, म्हणून तो आधीच मिसळतात.

३. सोड्याचा लेप

भांड्याच्या बाजू, कड, कान व बाहेरचे बूड येथे पाणी टिकत नाही. तेथे तीन भाग सोडा व एक भाग पाणी यांचा दाट लेप लावून तो काही तास ठेवतात. लेप वाळू नये म्हणून त्यावर ओले फडके टाकतात. नंतर मऊ घासणीने गोलाकार चोळून धुतात. खाण्याच्या सोड्याचे स्फटिक मोस मापक्रमावर सुमारे २.५ कठिनतेचे असल्याने त्यांनी काचेवर ओरखडे पडत नाहीत.

४. धुण्याचा सोडा

तेलाच्या जुन्या, रोगणासारख्या थरासाठी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, वापरतात. त्याचे द्रावण अधिक तीव्र असते, त्यामुळे एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा एवढे प्रमाण पुरते. हातमोजे वापरावे लागतात. ॲल्युमिनियमची झाकणे किंवा मुठी या द्रावणात घालत नाहीत, कारण अल्काने ॲल्युमिनियम काळे पडते व झिजते. तीव्र व गरम अल्क काचेलाही हळूहळू विरघळवते, म्हणून ही पद्धत वारंवार वापरली जात नाही.

५. उरलेले डाग

थर निघाल्यानंतर पांढऱ्या मुलाम्यावर फिकट तपकिरी छटा राहू शकते. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड व खाण्याचा सोडा यांचा लेप अर्धा ते एक तास ठेवल्यास ती बरीच फिकी होते. अशी छटा राहिली तरी भांडे वापरण्यास अयोग्य ठरत नाही.

पदार्थांनुसार फरक

दूध : थरात प्रथिने व कॅल्शियमचे क्षार असतात. आधी साबणाचे पाणी व नंतर सोड्याची उकळी हा क्रम उपयोगी पडतो. उकळत्या पाण्याने सुरुवात केल्यास प्रथिने अधिक घट्ट होतात, म्हणून पहिले पाणी थंड किंवा कोमट घेतात.

भात व डाळी : दीर्घकाळ भिजवणे पुरेसे असते.

गूळ, साखर, मुरांबा : गरम पाण्याने वरचा भाग विरघळतो, काळा झालेला भाग सोड्याच्या उकळीने सुटतो.

तेल, तूप, मसाला : साबण व अल्क दोन्ही लागतात. कडक झालेल्या थरासाठी सोड्याचा लेप वापरतात.

हळद : हा करपलेला थर नसून रंगाचा डाग आहे. सोडा लावताच पिवळा डाग लालसर होतो, कारण हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कात रंग बदलते. हळदीपासून कुंकू तयार करताना याच गुणाचा उपयोग केला जातो. भांडे धुतल्यावर लाली जाते. कर्क्युमिन उजेडात टिकत नसल्याने भांडे काही तास उन्हात ठेवल्यास उरलेला पिवळेपणाही कमी होतो.

पारंपरिक साधनांची उपयुक्तता

मराठी घरांतील भांडी घासण्याच्या रीती मुख्यतः तांबे, पितळ व लोखंड यांच्यासाठी घडल्या. त्यांतील काही एनॅमलला चालतात, काही हानिकारक ठरतात.

चिंच, लिंबू व कोकम यांतील आम्ले तांब्या-पितळेवरील ऑक्साइडचा काळपट थर विरघळवतात. करपलेले अन्न हे धातूचे ऑक्साइड नसल्याने त्यावर आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. उलट, गरम किंवा दीर्घकाळ टिकणाऱ्या आम्लाने मुलाम्याची चकाकी जाते. एनॅमलची आम्लरोधकता तपासण्याच्या आयएसओ २८७०६ या आंतरराष्ट्रीय मानकात सायट्रिक आम्लाचा, म्हणजे लिंबात असणाऱ्या आम्लाचाच वापर केला जातो.

चुलीच्या लाकडी राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, त्यामुळे राखेचे निवळ पाणी अल्कधर्मी असते व स्निग्ध थरावर उपयोगी पडते. परंतु राखेत मिसळलेल्या वाळूच्या कणांनी ओरखडे पडतात. विटेची पूड, वाळू व माती यांनीही मुलामा घासला जातो.

नारळाचा काथ्या व दोडक्याची वाळलेली जाळी ही साधने काचेपेक्षा मऊ असल्याने सुरक्षित आहेत. रिठ्याच्या पाण्यातील सॅपोनिने साबणाचे काम करतात. दुधाची खरवड काढण्यासाठी वापरला जाणारा शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्याची कठिनता ३ ते ४ असते. म्हणजे तो मुलाम्यापेक्षा मऊ आहे. पोलादी उलथणे किंवा सुरी यांच्यापेक्षा त्याने इजा होण्याचा धोका कमी असतो. मात्र जोराचा आघात कोणत्याही साधनाने केला तरी टवका उडू शकतो.

टाळावयाच्या गोष्टी

तापलेल्या भांड्यात थंड पाणी ओतणे : काच व लोखंड वेगवेगळ्या वेगाने आकुंचन पावतात आणि मुलामा तडकतो.

थर जाळून टाकण्यासाठी रिकामे भांडे आचेवर ठेवणे : मुलाम्यावर भेगा पडतात आणि काचेचे तुकडे उडू शकतात.

तारेची घासणी, सुरी, पोलादी उलथणे : ओरखड्यांत पुढच्या वेळी अन्न अधिक घट्ट बसते. त्यामुळे एकदा तारेने घासलेले भांडे उत्तरोत्तर लवकर लागू लागते.

कॉस्टिक सोडा व भट्टी साफ करण्याची तीव्र द्रावणे : ती त्वचेला व डोळ्यांना घातक आहेत, तसेच मुलाम्यालाही निस्तेज करतात.

सोडा व व्हिनेगर एकत्र मिसळणे : ही लोकप्रिय पद्धत असली तरी दोन्ही द्रव्ये परस्परांना निष्प्रभ करतात. वायूचे बुडबुडे दिसतात, पण उरते ते मुख्यतः सोडियम ॲसिटेटचे पाणी. सोड्याचा अल्कधर्म त्यामुळे वाया जातो.

क्लोरीनयुक्त ब्लीच आम्लाबरोबर वापरणे : त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

किटलीत साचलेला पांढरा क्षार हा करपलेल्या थराहून वेगळा असून तेथे सौम्य आम्ल उपयोगी पडते. एक भाग व्हिनेगर व तीन भाग पाणी यांचे द्रावण थोडा वेळ ठेवून किटली लगेच धुतात. मुंबई महानगरपालिका तानसा, वैतरणा, भातसा इत्यादी जलाशयांतून पुरवीत असलेले पाणी मृदू असल्याने शहरात असा क्षार कमी साचतो. विंधन विहिरीचे पाणी वापरणाऱ्या घरांत तो अधिक आढळतो.

इजा ओळखणे व सुरक्षितता

स्वच्छतेनंतर दिसणारी प्रत्येक खूण म्हणजे इजा नसते. नखाने चाचपल्यास उंचवटा लागला तर थर शिल्लक असतो. खळगा लागला व त्यात गंज दिसला तर टवका उडालेला असतो. पांढऱ्या मुलाम्यावरील करड्या रेघा बहुधा ओरखडे नसून स्टीलच्या चमच्याचा घासून बसलेला धातू असतो. खडूसारख्या मऊ पुडीच्या मलमाने त्या निघतात. काही ओतीव भांड्यांचा आतला मुलामा मुद्दाम काळा व खरबरीत ठेवलेला असतो. त्यावर तेलाचा पातळ थर बसणे अपेक्षित असून तो काढून टाकण्याची गरज नसते.

केवळ चकाकी गेलेले भांडे वापरता येते. आतील बाजूचा टवका उडाला असेल किंवा भेगांचे जाळे पडले असेल, तर असे भांडे स्वयंपाकासाठी वापरू नये. काचेचे कण अन्नात जाऊ शकतात, तसेच उघड्या लोखंडाला गंज चढून लगतचा मुलामाही सुटत जातो. कडेवरचा किंवा बाहेरचा लहान टवका तेवढा गंभीर नसतो. तो कोरडा ठेवून त्यावर तेलाचे बोट फिरवल्यास गंज आटोक्यात राहतो.

जुन्या भांड्यांबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये एनॅमलच्या भांड्यात ठेवलेल्या लिंबाच्या सरबतातून अँटिमनीची विषबाधा झाल्याचे प्रकार नोंदवले गेले. मुलाम्यातील अँटिमनीचे संयुग सरबतातील आम्लात उतरले होते. जुन्या तेजस्वी लाल, पिवळ्या व नारिंगी मुलाम्यात कॅडमियम किंवा शिसे असू शकते. एनॅमलच्या भांड्यांतून अन्नात उतरणाऱ्या धातूंच्या चाचणीसाठी आयएसओ ४५३१ हे मानक आहे. जुने, घासले गेलेले रंगीत भांडे शोभेसाठी किंवा कोरडे जिन्नस आवरणासह ठेवण्यासाठी वापरणे अधिक सुरक्षित असते.

प्रतिबंध

मध्यम किंवा मंद आच ठेवणे आणि ज्योत बुडाच्या बाहेर जाऊ न देणे हा मुख्य उपाय आहे. पातळ बुडाच्या भांड्याखाली जाड तवा ठेवल्यास उष्णता सारखी पसरते. दूध ओतण्यापूर्वी पातेले पाण्याने विसळून घेण्याच्या प्रचलित रीतीने दूध लागण्याचे प्रमाण कमी होते. अन्न लागल्याचा वास येताच ते न ढवळता वरच्यावर दुसऱ्या भांड्यात काढतात; ढवळल्यास करपलेला भाग सर्व अन्नात मिसळतो. रिकामे झालेले भांडे थंड झाल्यावर लगेच पाण्याने भरून ठेवल्यास थर वाळून कडक होत नाही. धुतलेली भांडी एकमेकांत रचताना मध्ये कापड घालतात, कारण अनेक टवके भांडी रचताना आणि उचलतानाच उडतात.

हे सुद्धा पहा

कल्हई
काच
मीनाकारी
मैलार्ड अभिक्रिया
सोडियम कार्बोनेट
चेंबूर